राजरच्या शेजारचा गडगा

मी गडगा बोलतोय. भिंतीला कान असतात असं तुम्ही माणसं म्हणता, आणि तेवढं म्हणून झालं की खुशाल कुजबुजायला मोकळे होता. कान असणाऱ्याला कधी काही सांगावंसंही वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मला उद्या फोडणार आहेत. चिऱ्यांचा ट्रक कालच पाखाडीच्या, आमच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी रिकामा झाला. म्हणून म्हटलं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज बोलून टाकावं.

पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. माझ्या वरच्या बाजूला विठू खलाशाचं घर, खालच्या बाजूला करीमचं. विठू आणि करीमचा बाप एकाच गलबतावर कामाला होते. जमिनीवर उतरल्यावर हद्दीवरून तोंडं वाकडी व्हायला नकोत म्हणून दोघांनी मिळून मला घातलं. कातळावरचे जांभ्याचे दगड डोक्यावरून आणले, बसेल तसा एकेक बसवला, फटीत चिपा ठोकल्या. ना माती, ना सिमेंट. पाऊस माझ्यातून आरपार वाहून जातो. दर पावसाळ्यात मी कुठे ना कुठे ढासळायचो आणि भातकापणी उरकली की दोन्ही घरची माणसं एकत्र येऊन मला पुन्हा उभा करायची. त्या दिवशी चहा एका घरचा, जेवण दुसऱ्या घरचं.

माझ्या मधोमध एक बेडं होतं. येण्याजाण्यापुरती मोकळी जागा, दोन बाजूंना भोकं पाडलेले दगडी खांब, आणि त्या भोकांतून आडव्या सरकवलेल्या बांबूच्या काठ्या. गुरं अडावीत एवढंच त्याचं काम. माणसांना ते कधी आडवं आलं नाही.

दोन्ही म्हातारे गेले. विठूची बायको यमुनाबाई वरच्या घरात एकटी राहिली. मुलगा सुजय मुंबईला नोकरीवर, गणपतीत आणि शिमग्याला तोंड दाखवायचा. खालच्या घरात करीमची बायको सुरय्या आणि लहानगी अलिझा. करीम कुवेतला. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. त्यामुळे दोन घरांत मिळून दोन बायका आणि एक पोर, एवढाच संसार. अलिझा सकाळी उठली की डोळे चोळत बेड्याखालून वाकून यमुनाबाईच्या चुलीपाशी जायची. तांदळाच्या भाकरीचा पहिला पापुद्रा तिचा, हे ठरलेलं. यमुनाबाई तोंडानं फटकळ. "आलीस मेल्ये? घरात खायला घालत नाय काय तुझी आई?" असं म्हणत म्हणत ती भाकरीवर लोणी फासायची.

सत्त्याण्णवच्या शेवटाला वाडीत चोरी झाली. आखाती पैशाच्या घरांवर कुणाची तरी नजर होती. करीमनं फोनवरून ऐकलं आणि त्याची झोप उडाली. पुढच्या सुट्टीत, अठ्ठ्याण्णव साली, तो पुण्याच्या एका साहेबाकडून कुत्रा घेऊन आला. काळा कुळकुळीत, भुवयांवर तांबडे ठिपके, उभे कान, आणि शेपूट मुळापासून छाटलेलं. डॉबरमन. नाव रॉजर. वाडीनं दोन दिवसांत त्याचं राजर करून टाकलं.

बघायला अख्खी वाडी लोटली. आत्माराम नावाचा एक रिटायर्ड कंडक्टर आमच्याकडे आहे. पेपर येतो त्याच्या घरी, त्यामुळे जगातलं सगळं त्याला ठाऊक. तो हाताची घडी घालून म्हणाला, "या जातीचा मेंदू वाढत जातो, पण कवटी वाढत नाय. मग एक दिवस सटकतो नि धन्यालाच फाडतो. छापून आलंय."

छापून आलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. लोक चार पावलं मागे सरले. यमुनाबाई तर माझ्या आडून बघत होती. ती म्हणाली, "शेपूट नाय त्याला. मग याच्या मनातला समजायचा कसा? गावठी कुत्रा लांबून शेपूट हलवतो, माणसाला कळतं तरी."

बोलली ते खरंच होतं. पण मी खाली होतो, म्हणून मला दिसत होतं. छाटलेल्या शेपटाचं बोटभर थोटुक उरलं होतं आणि त्या सगळ्या माणसांना बघून ते सारखं थरथरत होतं. राजरला आनंद झाला होता. तो दाखवायला लागतं तेच कुणीतरी कापून टाकलं होतं.

करीमनं मौलवींना विचारलं होतं. राखणीला कुत्रा चालतो, पण घरात नको, त्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाला ते कपडे चालत नाहीत. म्हणून फणसाखाली, अगदी मला लागून, राजरची जागा झाली. महिनाभर करीम त्याच्याशी खेळला आणि विमानात बसून गेला. सुरय्या मनानं वाईट नव्हती. भात, हाडकं, पाणी, काही कमी पडू द्यायची नाही. पण ओढणी आवरून, लांब दांड्याच्या पळीनं वाढायची आणि मागे सरायची. अलिझाला तर जवळ जायलाच बंदी. राजर साहेबाच्या घरात सोफ्यावर लोळलेला कुत्रा. त्याला वाटायचं, आपलं काय चुकलं. दिवसभर माझ्या दगडांना पाठ घासत बसायचा, कारण टेकायला दुसरं कुणी नव्हतं.

भुंकायचा मात्र असा की खाडीपलीकडे ऐकू जावं.

एके दिवशी यमुनाबाई विरजणाची वाटी घेऊन बेड्यातून खाली येत होती. राजर तिच्याकडे झेपावला. साखळी ताणली गेली आणि त्याचं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर अडलं. म्हातारी मागच्या मागे कोसळली. मनगट मोडलं. रत्नागिरीला नेऊन प्लॅस्टर घालावं लागलं. तो का झेपावला, चावायला की वाटीच्या वासानं की नुसतं कुणीतरी आलं म्हणून, ते मला ठाऊक आहे. पण मोडलेल्या मनगटाला कारणं सांगून काय उपयोग?

हात गळ्यात बांधलेला, अशी ती परत आली आणि माझ्याशी उभी राहून तिनं सुरय्याला हाक मारली.

"हा कुत्रा घालव सुरय्या."

"काकी, ते येईपर्यंत दम धरा. मी एकटी, घरात पोर. काय झालं तर?"

"एकटी? मी नव्हते काय हाकेवर? कुत्र्याच्या आधी कोण राखत होतं गो तुला?"

यमुनाबाईचं खरं दुखणं मनगटात नव्हतंच. आपल्या जागी कुत्रा आणून बांधला, हे तिला लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिनं मजुरी देऊन एक माणूस बोलावला आणि बेडं दगडांनी भरून टाकलं. त्या बाबानं पाटी ओतावी तसे दगड ओतले. एकाचा दुसऱ्याशी सांधा नाही. माझ्या अंगात तेवढा तुकडा कधी माझा झालाच नाही.

अलिझा थोडे दिवस पाखाडीनं लांबून वळसा घालून यायची. मग शाळा सुरू झाली, मग पाऊस आडवा आला. पोरांना आठवण काढायला सवड नसते. यमुनाबाईच्या तव्यावरचा पहिला पापुद्रा तव्यावरच करपू लागला.

शिमग्यात तिनं आणखी एक गोष्ट केली, आणि पुढचं सगळं त्या गोष्टीनं बिघडवलं. माझ्या टोकाला, रायवळ आंब्याखाली, आमच्या जागेच्या राखणदाराचा दगड आहे. केरू गुरवाला बोलावून, वाडीतली जाणती माणसं उभी करून तिनं तिथं गाऱ्हाणं घातलं. केरूनं नारळ हातात धरला.

"बा राखणदारा म्हाराजा, या माऊलीच्या वाटेत जा जनावर आडवा आलाय, त्याला या जागेतून लांब घालव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज आत्मारामचा.

राजर पलीकडून कान टवकारून ऐकत होता. इतकी माणसं एकदम बघून त्याचं थोटुक पुन्हा हलायला लागलं होतं.

त्या पावसाळ्यात मी ढासळलो. कुठे, ते सांगायला नको. त्या ओतलेल्या दगडांखालची माती पाण्यानं खाल्ली आणि दुपारी धाडकन सगळा ढिगारा यमुनाबाईच्या आवारात पडला. पाऊस जरा थांबलेला. दुपारी अलिझा शाळेत असायची, तेव्हा पाय मोकळे करायला सुरय्या राजरला तासभर सोडायची. तो मोकळाच होता. दगड पडलेले दिसले, पलीकडे माणूस दिसलं, तो सरळ चालत वर गेला.

यमुनाबाई घरापुढच्या खळ्यात शेवाळ खरवडत होती. तिनं मान वर केली आणि हातातली खुरपी गळून पडली. राजर आला, तिचा तो मोडून जोडलेला हात हुंगला, मग वळला आणि आपलं सगळं अंग तिच्या पायांवर टाकून टेकून उभा राहिला. खेळून दमलेलं मूल आईच्या पायाशी टेकतं तसा. उंच पुरा कुत्रा, म्हातारी त्याच्या वजनानं डगमगली. पडू नये म्हणून तिनं हात खाली नेला, तो त्याच्या डोक्यावर पडला. राजरनं डोळे मिटून घेतले.

करीम गेल्यापासून त्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. आणि तिच्याही अंगाला किती दिवसांत कुणी येऊन टेकलं होतं? दोघंही बराच वेळ तशीच उभी राहिली. यमुनाबाई रडत होती. भीतीनं की कशानं, तिलाच सांगता आलं नसतं.

सुरय्या धावत आली तोवर राजर माघारी येऊन फणसाखाली बसला होता. पावसात नवे दगड कसे बसवायचे म्हणून त्या मोकळ्या जागेत झावळ्यांचं झाप उभं केलं गेलं. कुत्र्यानं ठरवलं असतं तर एका धडकेत आडवं केलं असतं. त्यानं कधी केलं नाही. तो बोलावल्याची वाट बघायचा.

मग रोज दुपारी, सुरय्या नमाज पढून आडवी झाली की, यमुनाबाई झाप बाजूला करून माझ्या दगडांवर येऊन बसायची. पदराखाली भाकरी आणि बांगड्याची डोकी असायची. राजर साखळी लांबेल तेवढा पुढे यायचा आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा. ती त्याला सगळं सांगायची. सुजयचा फोन आला नाही, गुडघा धरला, या साली कोकमं कमी लागली. थोटुक कसं हलतं तेही तिला कळू लागलं होतं. "हसतोस काय रे मेल्या?" असं ती म्हणायची आणि ते आणखी हलायचं. माझ्या उभ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्या. मला त्या आठवल्या की अजून गलबलतं.

पण चारचौघांत तीच यमुनाबाई वेगळी. पाखाडीवर कुणी भेटलं की म्हणायची, "राक्षस पाळलाय राक्षस. जीव मुठीत धरून राहतंय मी." अख्ख्या वाडीसमोर गाऱ्हाणं घातलेली बाई. आता कोणत्या तोंडानं सांगणार की तोच राक्षस दुपारी माझ्या मांडीवर झोपतो? एकदा एकटीच राखणदाराच्या दगडाशी जाऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते मागचं काय ते विसर." मी ऐकलं. राखणदारानंही ऐकलं असेल. पण लोकांसमोर मागितलेलं लोकांसमोरच परत करायला लागतं, आणि तेवढं मात्र तिच्यानं झालं नाही.

दोन हजार साली थंडीच्या दिवसांत करीम सुट्टीवर आला. आत्मारामनं पहिल्याच दिवशी त्याला गाठून मनगटाची आणि गाऱ्हाण्याची हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. करीम वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. कुत्रा ठेवला असता, भांडला असता. पण तो यमुनाबाईच्या हाताखाली वाढलेला. त्याची आई शेवटची अंथरुणावर होती तेव्हा तिची शी-शू यमुनाबाईनं काढली होती. त्याला लाज वाटली. संध्याकाळी तो वर गेला. मागोमाग आत्माराम आणि केरूही पडवीत येऊन टेकले.

"काकी, तुझ्याकडे माफी मागायला आलोय," करीम म्हणाला. "तुझा हात मोडला, फोनवर मला कुणी बोललं नाय, आणि माझ्या कानावर आता येतंय. उद्या सकाळी राजर जाईल. संगमेश्वरला एक पोल्ट्रीवाला आहे ओळखीचा, तो गाडी पाठवतोय."

यमुनाबाईच्या हातात तांदळाचं सूप होतं. ते हलायचं थांबलं.

"उद्याच?" ती म्हणाली.

"उद्याच. तुला आता एक दिवस त्रास नको."

केरू मान डोलावून म्हणाला, "बघ यमुने, देवानं ऐकलान. घातलेला गाऱ्हाणा फुकट जात नाय."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. नको रे नेऊस, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझा एकेक दगड तिच्या तोंडाकडे लागला होता. तिनं सुपातले खडे वेचायला सुरुवात केली आणि म्हणाली, "बरं झालं. कधीच करायला हवं होतं."

आत्माराम हसला. करीमच्या छातीवरचा भार उतरला. चहा पिऊन सगळे उठून गेले.

सकाळी जीप आली. यमुनाबाईचं पुढचं दार बंद. रोज उजाडताच उघडणारं दार. साखळी सोडून, राजरला दोरी लावून जीपकडे न्यायला लागले तसा तो अडला. वाकून, अंग चोरून त्यानं हिसका दिला आणि सगळ्यांना ओढत माझ्याकडे आला. पुढचे दोन्ही पाय माझ्या दगडांवर रोवून उभा राहिला आणि त्या बंद दाराकडे तोंड करून रडू लागला. भुंकणं नव्हतं ते. त्या दोन वर्षांत तसा आवाज त्यानं कधी काढला नव्हता.

पण माणसांना काय दिसलं? आत्माराम लांबून म्हणाला, "बघा, जाताजातासुद्धा म्हातारीवरच डोळा."

तिघांनी मिळून त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. माझ्यावरून त्याचे पाय सोडवताना वरचा एक दगड खाली पडला. करीमनं त्याला उचलून गाडीत घातलं. करीमचेही डोळे ओले होते, पण आपण काकीचं भलं करतोय अशी त्याची खात्री होती. आणि दाराच्या आत, कडीला दोन्ही हातांनी धरून, यमुनाबाई उभी होती. बाहेरचा गलका तिला ऐकू येत होता, पण त्यात राजरचा आवाज कुठला ते तिला कळत नव्हतं. कडी तिनं काढली नाही.

दुपारी सुरय्या फणसाखाली पडलेली साखळी उचलायला आली. झाप बाजूला सारलेलं होतं. यमुनाबाई माझ्या दगडांवर बसली होती, मांडीवर पान, पानात भाकरी आणि बांगड्याची डोकी. रोजच्या वेळेला पाय आपसूक तिथे आले असावेत. सुरय्यानं पान बघितलं, मग तिचा चेहरा.

"काकी," ती म्हणाली, "काल का नाय बोललात?"

"लोक होते गो," यमुनाबाई म्हणाली.

सुरय्या मटकन तिच्या शेजारी बसली. त्या दोघी शेजारी बसल्या त्या कितीतरी दिवसांनी.

सुरय्यानं घरात जाऊन सगळं सांगितलं, तसा करीम त्याच पावली संगमेश्वरला गेला. पोल्ट्रीवाल्यानं हात वर केले. गाडीतून उतरवतानाच कुत्र्यानं पट्ट्यातून मान काढली आणि हायवेकडे पळाला म्हणाला. करीमनं हायवेवरची चहाची दुकानं पालथी घातली, नदीकाठ पाहिला, ट्रकवाल्यांना विचारलं. राजर कुठेच नव्हता. पुढेही कधी मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा यमुनाबाई माझ्याशीच उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काय ते कळलं. राजर कुठे गेला, कसा गेला, यातलं तिनं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "काल जाताना माझ्या दाराकडे बघितलान काय रे?"

करीमनं सगळं पाहिलं होतं. काल जे त्याला राग वाटलं, ते काय होतं हे आता त्याला कळलं होतं. खरं सांगितलं तर ही म्हातारी जन्मभर त्या बंद दाराशी रडत बसेल, असं त्याच्या मनात आलं असणार.

"नाय काकी," तो म्हणाला. "गप गाडीत चढला. मागं वळूनसुद्धा बघितलान नाय."

यमुनाबाईनं मान हलवली. "विसरला असेल," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिनं ती मोकळी जागा कधी भरू दिली नाही. अलिझा पुन्हा ये-जा करू लागली, सुरय्या दोन्ही वेळचं तिला विचारू लागली. दोन घरांचं पुन्हा जुळलं, त्याचा मला आनंद आहे. पण कुत्र्यांचा विषय निघाला की यमुनाबाई एकच म्हणायची, "मुक्या जनावराचं काय गो? भाकरी घालील तो धनी. माझी आठवणसुद्धा ठेवलान नाय." असं म्हणताना ती माझ्या दगडांवरून हात फिरवायची आणि मी जांभ्याचा बनलेला, मला एक शब्द बोलता येत नव्हता. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ती गेली, हेच मनात धरून गेली.

आता वरचं घर सुजयनं पाडायला काढलंय. नवं घर, नवं कंपाउंड, सिमेंटात बसवलेले चिरे, एकही फट नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे दगड कुठे तरी घराच्या पायात घालतील. तुम्हाला मात्र जाता जाता एक विनवणी. तुम्हाला तोंड आहे. चारचौघांत चुकीचं बोलून बसलात, तर चारचौघांतच उभं राहून ते परत घ्या. चार दिवस हसतील लोक, आणि मग विसरतील.

आणि यमुनाबाई, तू जिथे असशील तिथे ऐक. करीम खोटं बोलला. तुझ्या मायेपोटी बोलला, त्याला दोष देऊ नकोस. राजर गप चढला नव्हता. त्याचे दोन्ही पाय माझ्यावर होते आणि डोळे तुझ्या दारावर. तू आत आहेस हे त्याला ठाऊक होतं, आणि तू बाहेर येशील असं त्याला गाडी सुटेपर्यंत वाटत होतं.